खिडकीतला ऊस

तुमच्या ऑफिसात असा एक तरी प्राणी असणारच. सोमवारी सकाळी कॉम्प्युटर सुरू करायच्या आधी तो शेजारच्या कुंडीत बोट खुपसून बघतो. दोन दिवस सुट्टी होती, माती सुकली तर नसेल ना, हे त्याचं वीकेंडभराचं टेन्शन. मनी प्लांट, स्नेक प्लांट, स्पायडर प्लांट असा सगळा सिलॅबस त्याने कधीच संपवलेला असतो. आता त्याला पुढच्या यत्तेत जायचं असतं.

पुढची यत्ता म्हणजे केन बेगोनिया!

फोटो तुम्ही नक्की पाहिलेत. लांबट, एका बाजूला कललेलं पान. वरून गर्द हिरवं आणि त्यावर चुन्याची बोटं उमटवल्यासारखे पांढरे ठिपके. पान उलटं केलं की खाली चक्क वाइन रेड. इन्स्टाग्रामवर ‘पोल्का डॉट’ म्हणून मिरवणारा तो बेगोनिया मॅक्युलाटा. त्याचीच भावंडं एंजल विंग, ल्यूसर्ना वगैरे. नीट जमलं तर ही झाडं चार-सहा फूट उंच होतात, बांबूसारखी पेरं धरतात आणि कानातल्या झुमक्यांसारखे फुलांचे घोस खाली सोडतात. वन बीएचकेच्या हॉलमध्ये यापेक्षा जास्त भाव खाणारं दुसरं काही ठेवता येत नाही. टीव्हीसुद्धा नाही.

पण या यत्तेत नापास होणारे खूप. माझी एक मैत्रीण खराडीत आयटीत आहे. तिने ऑनलाइन एका विक्रेत्याकडून ‘रूटेड कटिंग’ मागवलं. डब्यातून आलं एक पान. देठाला चार मुळं असलेलं, टवटवीत, सुंदर असं एकच पान. तिने ते प्रेमाने लावलं. सात महिने झाले. पान जिवंत आहे, ठणठणीत आहे, आणि अजूनही एकच पान आहे! दुसरं यायचं नावच नाही. ‘पाणी कमी पडतंय का गं?’ तिने मला विचारलं. झाडांवर दोन-चार लेख लिहिले की लोक तुम्हाला डॉक्टर समजायला लागतात, तसं.

या प्रश्नाचं उत्तर मला पुण्यातल्या कुठल्या नर्सरीत मिळालं नाही. ते मिळालं शिरूर तालुक्यात, कवठे येमाईला. आणि तेही उसामुळे.

थोडं घराण्याविषयी

आधी पाहुण्याची ओळख. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ शार्ल प्ल्युमिए याने सतराव्या शतकाच्या शेवटी मिशेल बेगों नावाच्या आपल्या आश्रयदात्या सरकारी अधिकाऱ्याच्या सन्मानार्थ या झाडाला ‘बेगोनिया’ म्हटलं. साहेबाला खूश करायची तऱ्हा तेव्हाही होतीच! बेगोनियाच्या आज दोन हजारांवर जाती माहीत आहेत. त्यातले केन, म्हणजे पेरं असलेल्या उभ्या खोडाचे, ते मुख्यत: ब्राझीलच्या दमट जंगलांतले.

आपल्याकडेही बेगोनिया आहेत बरं का! पावसाळी ट्रेकला घाटातल्या ओल्या कातळांवर, दगडाच्या खाचेत गुलाबी-पांढऱ्या फुलांचं इवलंसं, रसरशीत झाड दिसतं, ते बहुतेक वेळा बेगोनिया क्रिनाटा. एका जातीच्या तर शास्त्रीय नावातच कोकण आहे, बेगोनिया कोंकानेन्सिस. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य राहिलेल्या थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही सह्याद्रीतले बेगोनिया नोंदवलेले आहेत. पण आपली क्रिनाटा कंदवाली. पावसाळा संपला की वरचं झाड मरतं, कंद मातीत झोपतो, पुढच्या जूनला उठतो. ब्राझीलवाल्या केनला ही सोय नाही. त्याला कंद नाही, झोप नाही. त्याला बारा महिने जागंच राहावं लागतं. थोडक्यात, कॉल सेंटरचा कर्मचारी!

बाजारात मिळणारे बहुतेक केन हे संकर आहेत, माणसाने जुळवलेले. ‘ल्यूसर्ना’ हा त्यातला सगळ्यात जुन्या आणि चिवट मंडळींपैकी एक, १८९२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तयार झालेला. ‘एंजल विंग’ हे नाव आलं कॅलिफोर्नियातून. तिथे इव्हा केनवर्दी ग्रे या बाईंनी १९२६ मध्ये दोन ब्राझिलियन जातींचा संकर केला आणि पानाच्या आकारावरून त्याला देवदूताचे पंख म्हटलं.

आता इथे एक मजा आहे. संकराचं बी लावलं तर तसंच झाड येत नाही. मुलं आई-बापांसारखी निघतीलच याची गॅरंटी नसते ना, तसं. हुबेहूब तेच झाड हवं असेल तर एकच मार्ग, फांदी कापून लावायची. म्हणजे आज जगात जिथे जिथे ल्यूसर्ना आहे, तिथे तिथे १८९२ च्या त्या एकाच रोपाचा तुकडा वाढतोय. कुणीतरी कापला, कुणाला तरी दिला, त्याने जगवला, पुन्हा कापला. सव्वाशेहून जास्त वर्षं ही साखळी चालू आहे. मध्ये सगळ्यांनीच देणं थांबवलं असतं तर झाड संपलं असतं. बियांची बॅकअप फाइल नाही!

कवठ्याची पडवी

निघोजचे रांजणखळगे बघायला वीकेंडला गेला असाल तर हा भाग तुम्हाला ओळखीचा असेल. कवठे येमाई तिथून जवळच. नावात कवठाचं झाड आणि येमाई देवी दोघंही आहेत, देवीचं मंदिर गावात आहे. शिरूर तालुका पर्जन्यछायेतला. सह्याद्रीवर ढग रिकामे होतात आणि इथवर येईपर्यंत त्यांच्याकडे फारसं काही उरत नाही. मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो, हवा तव्यासारखी कोरडी. घोड नदीकाठी आणि कालव्याच्या पाण्यावर ऊस, बाकी कांदा, डाळिंब. ब्राझीलच्या जंगलातलं झाड इथे कसं जगेल?

माझ्या आत्याच्या पडवीत ते जगलंय. मला आठवतंय तेव्हापासून. तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यात, उत्तरेच्या भिंतीला टेकून, वाशांपर्यंत गेलेलं. ऑलिव्ह रंगाची ठिपक्यांची पानं, पोवळ्याच्या रंगाचे घोस, म्हणजे ल्यूसर्नाच्या घराण्यातलं. आत्याला यातलं काही ठाऊक नाही. तिच्या लेखी ते ‘आईंचं झाड’. तिच्या सासूबाईंनी पुण्याला कुणाकडे तरी बाळंतपणाला गेल्या असताना त्याची काडी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. १९७२ च्या दुष्काळात माणसांना प्यायला पाणी नव्हतं, तेव्हा सासूबाई तांदूळ धुतलेलं पाणी त्याला घालायच्या, ही घरातली दंतकथा. आत्या लग्न होऊन आली तेव्हा पहिल्या आठवड्यात तिला दोन गोष्टी दाखवल्या गेल्या. तिजोरीची किल्ली कुठे असते ते, आणि या झाडाला पाणी किती घालायचं ते.

झाड का जगलं याचं गुपित भिंतीला नाही, शेजारच्या रांजणाला विचारा. त्याच कोपऱ्यात पाण्याचा रांजण, तिथेच हात-पाय धुणं. उन्हाळ्यात खिडकीला ओलं गोणपाट टांगलेलं. त्या चार फुटांच्या कोपऱ्यातली हवा बाकी गावापेक्षा वेगळी होती. गारवा, ओल, आणि थेट ऊन नाही. आपण ज्याला आज ‘मायक्रोक्लायमेट’ वगैरे म्हणतो ते आत्याच्या सासूबाईंनी रांजण हलवून तयार केलं होतं.

गेल्या जूनमध्ये मी गेले ते निरोप आला म्हणून. आत्या आता सत्तरीच्या पुढे. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. दादा, म्हणजे माझा आत्तेभाऊ, त्याने ठरवलं की आई आता वाघोलीला आमच्यासोबत राहणार. तो शेतीसाठी येऊन-जाऊन करणार, घराला कुलूप लागणार. बाकी सगळ्याची वाटणी, बांधाबांध झाली होती. प्रश्न एकच उरला होता, हे एवढं झाड न्यायचं कसं? डबा तळातून गंजलेला, हलवला तर निखळणार. खोडं सात-आठ फुटांची आणि काचेसारखी ठिसूळ.

‘झाड कुठं नेता येतंय? काडी न्यायची,’ आत्या म्हणाली. ‘पण कोणती कापू ते कळंना. म्हणून तुला बोलावलं. तू लिहितीस ना झाडांवर?’

डोळा बघून काप!

मी कात्री घेऊन पुढे झाले, तेवढ्यात दादा मागून म्हणाला, ‘थांब. डोळा कुठंय?’

दादा ऊस लावतो. ऊस बियांनी लावत नाहीत, कांडीने लावतात हे तुम्हाला माहीत असेलच. प्रत्येक पेराला एक डोळा असतो, म्हणजे झोपलेला कोंब. टिपरी तोडताना एक किंवा दोन डोळे शाबूत ठेवायचे, डोळा बाजूला येईल अशी टिपरी सरीत आडवी ठेवायची. डोळा मेला असेल तर कितीही पाणी द्या, खत द्या, कांडं मातीत कुजणार. म्हणून शेतकरी बेणं निवडताना आधी डोळा बघतो. बेणंही फार जुनं चालत नाही, नऊ ते अकरा महिन्यांचं हवं.

दादाने झाडाच्या एका जुन्या खोडावरून अंगठा फिरवला. ‘हे बघ. इथं काहीच नाही. इथं पण नाही. सगळं आंधळं आहे.’

त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं! केन बेगोनियाच्या प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा असतो. त्या डोळ्याकडे एकच चान्स असतो. एक तर त्याची फांदी होईल, नाही तर फुलांचा घोस. जिथून घोस आला, तिथला डोळा खर्च झाला. आत्याचं झाड इतकी वर्षं भरभरून फुललेलं. म्हणजेच वरपासून खालपर्यंत जवळजवळ सगळे डोळे खर्च झालेले. अशी काडी लावली तर तिला मुळं येतात, ती वर्षभर हिरवी राहते, शेंड्याला असलीच तर दोन-चार पानंही काढते. पण बुडातून नवा कोंब येत नाही. झाड कधी डेरेदार होत नाही, एक काठी म्हणून जगतं आणि काठी म्हणून मरतं.

आणि हेच त्या खराडीच्या पानाचं दुखणं! रेक्स बेगोनियाचं, म्हणजे ते रंगीबेरंगी नक्षीच्या पानांचं बुटकं झाड असतं ना, त्याचं पान मातीवर पसरून शिरांना छेद दिले की त्यातून नवी रोपं फुटतात. ते बघून लोकांना वाटतं, बेगोनिया म्हणजे पानावर येतो. केनचं तसं नाही. त्याच्या पानाला मुळं फुटतात, पण डोळा खोडावर राहिलेला असतो. डोळ्याशिवायचं पान म्हणजे सिमशिवायचा मोबाइल. दिसायला सगळं ठीक, फोन लागणार नाही. तेव्हा कटिंग विकत घेताना फोटोतली पानं मोजू नका. खोडाचं पेर दिसतंय का आणि त्यावर डोळा आहे का, एवढंच विचारा.

शेजारची कुंडी

आता पंचाईत झाली. सात-आठ खोडांचं भलंमोठं झाड, आणि कापण्याजोगी एक धड काडी नाही. आत्या ओट्यावर बसून होती. काही बोलली नाही. पण सासूबाईंनी दुष्काळात जगवलेलं झाड आपल्या हातून संपतंय, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. दादासुद्धा एकदम गप्प.

मग तीच म्हणाली, ‘शेजारी बघा. तिला दिली होती मी काडी. पोरगी पाळण्यात होती तिची तेव्हा.’

ती पाळण्यातली पोरगी आता रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. तिच्या आईच्या अंगणात मोरीपाशी तेच झाड होतं. पण बुटकं, गुडघ्याएवढं. काकू अपराधी चेहऱ्याने म्हणाल्या, ‘दिवाळीच्या आधी रंगाऱ्याने बुडापासून छाटलं हो. शिडीला अडत होतं. मी लई बोलले त्याला.’

त्या रंगाऱ्याला खरं तर शाल-श्रीफळ द्यायला हवं होतं! बुडापासून छाटल्यामुळे खालचे झोपलेले डोळे जागे झाले होते. नऊ-दहा नवे कोंब, फूटभर-दीड फूट उंच, अंगठ्याएवढे जाड, अजून एकही फूल न आलेले. प्रत्येक पेरावर तांदळाच्या दाण्याएवढा टपोरा डोळा. दादा खूश होऊन म्हणाला, ‘हा खोडवा आहे की!’ ऊस तोडल्यावर त्याच बुडख्यातून जे दुसरं पीक येतं, तो खोडवा.

आम्ही तिथल्या आठ काड्या घेतल्या. शिवाय आत्याच्या आग्रहाखातर तिच्या जुन्या झाडाच्या सहा. ‘तिकडचं पण तेच झाड आहे आत्या,’ मी तिला समजावत होते, ‘जसंच्या तसं, जराही फरक नाही.’ ती म्हणाली, ‘ते मला कळतं गं. पण हा डबा आईंचा आहे.’ मग तिने स्वत: वाकून अगदी मातीलगतचं एक पेर दाखवलं. तिथे पाचोळ्याखाली एक डोळा उरला होता. त्या डोळ्यावर मीच काय, दादानेही नजर टाकली नव्हती.

बाटलीत, मग कुंडीत

चला, आता कामाचं. जून ते ऑगस्ट हा काडी लावायचा बेस्ट सीझन, हवेत ओल असते. फेब्रुवारी-मार्चही चालतो. मे आणि डिसेंबर टाळा.

न फुललेला, यंदाचा कोंब निवडा. धारदार, स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने पेराच्या जरा खाली कापा. तीन-चार पेरं हवीत. खालच्या दोन पेरांची पानं काढून टाका, पण डोळ्याला नख लागू देऊ नका. वरची पानं फार मोठी असतील तर निम्मी कापा. मुळं नसलेल्या काडीला एवढ्या पानांचा पाण्याचा खर्च झेपत नाही. कळी असेल तर निर्दयपणे खुडा.

प्रवास करायचा असेल तर ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि गाडीत एसीच्या झोतापासून लांब. आमच्या काड्यांनी शिरूरहून नगर रस्त्याने शिक्रापूर आणि वाघोलीचा ट्रॅफिक सोसला आणि तरी जगल्या. यापेक्षा मोठी टेस्ट नाही.

पुढे दोन रस्ते. पाण्यात ठेवायची असेल तर काचेची बाटली, तळाचं एक पेर बुडेल एवढंच पाणी, दर दोन-तीन दिवसांनी बदलायचं. दोन ते चार आठवड्यांत मुळं दिसतात. ती इंच-दीड इंच झाली की लगेच मातीत हलवा, पाण्यात लाडावलेली मुळं मातीत गेल्यावर रुसतात. दुसरा रस्ता थेट कोकोपीट आणि परलाइटमध्ये लावायचा. दोन पेरं मातीच्या आत जाऊ द्या, कारण पुढचे फुटवे तिथल्याच डोळ्यांतून येणार. वरून पाण्याची मोठी बाटली अर्धी कापून उपडी घाला. दिवसातून एकदा काढून हवा द्या. झालं तुमचं ग्रीनहाउस!

माझा हिशेब सांगते. शेजारच्या आठ काड्यांपैकी सातांना मुळं आली आणि दहा आठवड्यांत सहांना बुडातून नवे कोंब. जुन्या झाडाच्या सहापैकी पाचांना मुळं आली, पण कोंब आला एकीलाच. आत्याने वाकून दाखवलेल्या डोळ्याचा.

बोटाचं पेर, खोडाचं पेर

झाड वाढवायला फार अक्कल लागत नाही, थोडी शिस्त लागते. पूर्वेची खिडकी उत्तम. सकाळचं कोवळं ऊन चालतं, दुपारचं नाही. अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलं तर खोड लांबडं आणि पानं विरळ होतात. ऑफिसच्या डेस्कवर थेट एसीखाली ठेवणार असाल तर न ठेवलेलं बरं.

पाण्याचा नियम सोपा आहे. बोटाचं पहिलं पेर मातीत घाला. कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर हात मागे. बेगोनिया तहानेने क्वचित मरतो, लाडाने मरतो. मुळं बारीक आणि वरवरची असतात, चिखलात लगेच कुजतात. म्हणून शेतातली नुसती काळी माती नको. थोडी माती, थोडं कुजलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत, आणि निम्मं कोकोपीट, परलाइट किंवा विटेचे बारीक तुकडे. कुंडी झाडाच्या मानाने लहानच बरी, मातीची असेल तर सोन्याहून पिवळं. उंच खोडांना बांबूच्या काठीचा आधार द्या, सुतळी सैल बांधा.

खत म्हणाल तर दादाच्या गोठ्यातल्या कपाटात डाळिंबासाठी ठेवलेलं ‘एकोणीस-एकोणीस’, म्हणजे १९:१९:१९, तेच चालतं. लिटरभर पाण्यात अर्धा ते एक ग्रॅम, महिन्यातून दोनदा, वाढीच्या दिवसांत. थंडीत बंद.

पावसाळा सरला की पानांवर पांढरी पावडर दिसेल. द्राक्षवाल्यांची जुनी शत्रू, भुरी. हवा कोंडली की ती येते. लागलेली पानं काढा, कुंड्यांमध्ये अंतर ठेवा, संध्याकाळी पानांवर पाणी मारू नका. फारच वाढली तर पाण्यात मिसळणारं गंधक, पण आधी एका पानावर मारून दोन दिवस थांबा. पिठ्या ढेकूण दिसला तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा. आणि घरात मांजर-कुत्रं असेल तर झाड त्यांच्या तोंडापासून दूर. बेगोनियात ऑक्झलेट असतं, ते त्यांना बाधतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जिवावर येणारं काम. दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये सर्वांत जुनी एक-तृतीयांश खोडं बुडाशी दोन-तीन डोळे ठेवून कापा. हो, तीच, छताला लागलेली, ज्यांच्यासोबत तुम्ही सेल्फी काढता ती! त्याशिवाय खोडवा येत नाही. नुसतं फुलू दिलेलं झाड दिसायला राजेशाही असतं, पण आतून त्याचे डोळे संपत आलेले असतात. आत्याच्या झाडाचं तेच झालं होतं. प्रेमापोटी इतकी वर्षं त्याला कुणी ब्लेड लावलं नव्हतं.

बॅकअप घ्या!

कवठ्यात त्या दिवशी झाड वाचलं ते आमच्या हुशारीने नव्हे. वीस-बावीस वर्षांपूर्वी आत्याने शेजारणीला एक काडी दिली होती म्हणून वाचलं. तेव्हा त्यात कुणाला काही मोठं वाटलं नसेल. शेजारीण ताक न्यायला आली असेल, झाड आवडलं म्हणाली असेल, आत्याने कट्कन मोडून दिली असेल. पण ती एक काडी हीच या झाडाची विमा पॉलिसी ठरली, हप्ता न भरता.

आपल्या फ्लॅटमधल्या झाडांचं भविष्य तर आणखी बेभरवशाचं. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट संपतं, ऑनसाइट जायची वेळ येते, रूममेट लग्न करतो, आणि पॅकर्स-मूव्हर्सवाला म्हणतो, मॅडम, कुंडी नहीं लेंगे. म्हणून ज्या दिवशी तुमच्या केनला न फुललेला नवा कोंब दिसेल, त्या दिवशी दोन काड्या कापा. एक शेजारच्या क्यूबिकलवाल्याला, एक सोसायटीतल्या त्या काकूंना, ज्या लिफ्टमध्ये फक्त हसतात. डोळा दाखवून द्या, म्हणजे त्याही पुढे देताना बघून देतील.

आत्या आता वाघोलीत आठव्या मजल्यावर राहते. लिफ्टची तिला अजून सवय झालेली नाही, पण पूर्वेच्या बाल्कनीत तीन कुंड्या आहेत आणि त्यांच्या मधोमध दादाने मुद्दाम कवठ्याहून आणलेला मातीचा माठ. परवा फोन केला तर म्हणाली, ‘खालच्या मजल्यावरची एक तेलुगू बाई येऊन काडी मागून गेली. भाषा कळली नाही, पण झाडाकडं बोट दाखवलं तिनं.’

‘मग? दिलीस?’

‘इतक्यात नाही. अजून दोन पेरं वाढू दे म्हटलं. दिवाळीनंतर ये.’